कोल्हारच्या मेळाव्यातली अस्थिर जोडी

१ जानेवारी २०२५, बुधवार. नगर

नवं वर्ष, नवी डायरी, तोच प्रबंध. सकाळीच डोखे सरांचा फोन. ते माझे मार्गदर्शक, त्यामुळे शुभेच्छासुद्धा धमकीच्या सुरात देतात. "स्नेहल, शेवटची मुदतवाढ जूनपर्यंत. मग नोंदणी रद्द. सिद्धांत छान मांडलायस, पण खरी माणसं कुठायत? माणसं आण."

माणसं आण! जणू बाजारातून मेथीची जुडी आणायची आहे.

माझा विषय जोड्या जुळवण्याचा अर्थशास्त्रीय सिद्धांत. एका बाजूला मुली, दुसऱ्या बाजूला मुलगे. (कंपन्या आणि कामगार धरा, कॉलेजं आणि विद्यार्थी धरा, गणिताला फरक पडत नाही.) प्रत्येकाची आपापली पसंतीची यादी. मुलगी आपल्या पहिल्या पसंतीला विचारते. मुलगा लगेच हो म्हणत नाही, नुसतं थांबवून ठेवतो. त्याला जास्त आवडणारी कुणी विचारायला आली, की आधीची मोकळी होते आणि आपल्या दुसऱ्या पसंतीकडे वळते. असं होता होता सगळं शांत होतं. आणि खरी मजा पुढे आहे: जी बाजू विचारते, तिला खोटी यादी देऊन काडीचाही फायदा होत नाही. खरं बोलणं हाच शहाणपणा! हे प्रमेय मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी वसतिगृहातल्या पलंगावर उभी राहून नाचले होते. मैत्रिणींना वाटलं पाल दिसली.

पण खऱ्या मुलींवर हे तपासायचं कुठे? मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते, पण माझ्या वर्गात बसतात त्या मुली हजेरीसुद्धा खरी लावत नाहीत.

५ जानेवारी, रविवार. कोल्हार

माणसं मिळाली, माणसं मिळाली, माणसं मिळाली!

विजयमाला आत्याकडे सहज आले होते. आत्या वधू-वर सूचक मंडळ चालवते. दर वर्षी फेब्रुवारीत प्रवरेच्या पुलाजवळच्या मंगल कार्यालयात मेळावा भरवते. जेवढ्या मुली तेवढीच मुलं घ्यायची हा तिचा कडक नियम, "न्हाईतर मारामाऱ्या व्हत्यात." मी पोहे खाता खाता सिद्धांत सांगायला लागले. आत्याने चमचा खाली ठेवला.

"म्हंजी पोरी इचारनार आन पोरं वाट बघत बसनार?"

"हो."

"आन पोह्यांचं काय?"

"त्याबद्दल सिद्धांत काही म्हणत नाही."

"मंग पोरांनीच करायचे," आत्या म्हणाली, आणि ठरलंच.

अस्थिर जोडी म्हणजे काय हे समजवायला मला वर्गात पूर्ण तास लागतो: ज्या मुलाला आणि मुलीला आपापल्या वाट्याला आलेल्या माणसापेक्षा एकमेकं जास्त आवडतात, अशी जोडी. "म्हंजी पळून जानारी," आत्या म्हणाली. एका वाक्यात! असली जोडी एकही उरली नाही तर जुळणी पक्की. माझ्या प्रबंधात मला तेच दाखवायचं आहे.

शेजारच्या अंगदला आत्याने हाक मारून बोलावलं. लहानपणी सुट्टीत आम्ही एकत्र चिंचा पाडायचो. आता तो नागापूरला एमआयडीसीत एका कारखान्यात मशिनचे प्रोग्रॅम लिहितो. त्याने माझं गणित ऐकलं, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "हुईल की." मी आता शिकलेली म्हणून मला मॅडम म्हणतो. मी खूपदा नको म्हटलं. त्याच्याही आईने मुलांच्या यादीत त्याचं नाव दिलंय, हे ऐकून मला हसू आलं. अंगद आणि लग्न!

१२ जानेवारी, रविवार. कोल्हार

आपत्ती. हाहाकार. पालकांनी भरून दिलेल्या पसंतीच्या याद्या आल्या आणि प्रत्येक यादीत प्रत्येक नावापुढे एक नंबर! सगळे पहिले! अंगदचा प्रोग्रॅम गरगरत बसला आणि शेवटी लॅपटॉप तापून बंद पडला.

मी मुलींच्या यादीतल्या ज्योतीच्या वडिलांना, कारभारी अण्णांना, गाठलं. "अण्णा, एकच पहिला असतो हो. बाकीचे दोन, तीन असे लावा. नको असतील ती नावं खोडा."

अण्णांनी कानाला हात लावले. "खोडू? आगं बाई, सगळे पाव्हनेच हायती. कुनाला दोन नंबर टाकू? उद्या त्याच्याच दारात सुपारी फोडायला जायची यळ आली म्हंजी?"

"मग नको असेल त्याला तुम्ही एरवी काय सांगता?"

"पत्रिका जमत न्हाई म्हनून सांगतो."

"आणि खरंच जमत नसेल तर?"

अण्णा विचारात पडले. "तसं आजून झालं न्हाई," म्हणाले.

मला हे इतकं आवडलं की रडायचं विसरले. आपल्याकडे नकार हा शब्दच वापरात नाही, आणि माझा सगळा सिद्धांत नकारावर उभा! परतताना अंगदने त्याच्या मोटरसायकलवरून नगरला सोडलं. रस्त्याचं काम चालूच आहे, कायमच चालू असतं, त्यामुळे मला त्याचा खांदा धरावा लागला. राहुरीपर्यंत दोघांनाही तोडगा सुचला नाही. मग मी ओरडले, "बापांना विचारायचंच कशाला?" तो दचकला, गाडी खड्ड्यात गेली, आणि आम्ही दोघं वेड्यासारखे हसत सुटलो.

ठरलं. मुलींना एकेकटीला आत्याच्या गच्चीवर बोलवायचं, तोंडी विचारायचं. मुलींना मी, मुलग्यांना अंगद. सरांची अट अशी की मी मुलग्यांच्या याद्या बघायच्या नाहीत आणि त्याने मुलींच्या. प्रोग्रॅम दोन्ही एकत्र करेल.

१९ जानेवारी, रविवार. कोल्हार

गच्चीवर तुरी वाळत घातल्या होत्या. त्यातच बसून मुली बोलल्या. काय बोलल्या! बापासमोर मान वर न करणाऱ्या मुलींनी बोटावर मोजून एक, दोन, तीन सांगितलं, आणि "हा नकोच, ह्याला आरशापुढनं उठवायला लागतं" हेसुद्धा. मी लिहून लिहून थकले. इतकं खरं मी आयुष्यात कधी एका दिवसात ऐकलं नव्हतं.

ज्योती शेवटी आली. बी.एस्सी. झालीय, चुणचुणीत आहे. पहिला कोण म्हटल्यावर लाजत म्हणाली, "तुमच्यामागं लॅपटॉप घिऊन फिरतो ना, त्यो नागापूरवाला."

मी लिहिलं. प्रामाणिकपणे, स्वच्छ अक्षरात, अंगद, नंबर एक. मग माझं डोकं जे दुखायला लागलं ते आत्ता कुठे थांबलंय. जानेवारी असला तरी गच्चीवर ऊन फार होतं. टोपी घ्यायला हवी होती.

२३ जानेवारी, गुरुवार. नगर

अंगद दुसऱ्या पाळीला जायच्या आधी कॉलेजात येऊन प्रोग्रॅममधली चूक दाखवून गेला. चूक फोनवर सांगता आली असती. सोबत पेरू आणले होते. डेटाची इतकी काळजी घेणारा माणूस मी तरी पाहिला नाही.

ज्योती चांगली मुलगी आहे. पण जरा जास्तच बोलते.

२८ जानेवारी, मंगळवार

आमच्या यादीतल्या आरतीची पोलीस भरतीत निवड झाली! ती मेळाव्यातून बाहेर पडली. आनंदाची गोष्ट, पण आत्याच्या घरी सुतक पडल्यासारखं झालंय. मुली एकीने कमी झाल्या. म्हणजे आता एका मुलाचं नाव खोडायचं, आणि खोडायचं तर कुणाच्या आईला तोंड द्यायचं?

मी फोनवर समजावलं की गणिताला दोन्ही बाजू सारख्या लागत नाहीत. आत्या म्हणाली, "गनिताला नसंल लागत, मला लागत्यात. तुजं नाव घातलंय."

"आत्या!"

"नुसतं नाव. आकडा भरायला."

मी दहा मिनिटं थयथयाट केला. मग वाटलं, हरकत काय? नाव घालायचं आणि यादीत लिहायचं: कोणीही नको. गणिताच्या दृष्टीने मी असून नसल्यासारखी. मला प्रबंध पूर्ण करायचाय, लग्न नव्हे. लिहून टाकलं.

२ फेब्रुवारी, रविवार. कोल्हार

अंगद नियमाला इतका पक्का असेल असं वाटलं नव्हतं. म्हणाला, "मॅडम, यादीत नवीन मुलगी आली. म्हंजी समद्या पोरांच्या याद्या पुन्यांदा उघडाव्या लागतील. नियमापरमानं." बरोबर आहे! मला कसं सुचलं नाही? मी म्हटलं, पण मला कोण यादीत घालणार, उगाच तुझी मेहनत. तो म्हणाला, "मेहनतीचं काय न्हाई."

संध्याकाळी येऊन सांगून गेला की याद्या झाल्या. "एका पोराची यादी आजपस्तोर कोरीच हुती. आता एक नाव लिवलंय त्यानं."

"एकच?"

"एकच."

मला रागच आला. मी त्याला अर्धा तास समजावलं, की ज्या मुलाने एकच नाव लिहिलं तो बिनजोडीचा राहण्याची शक्यता किती वाढते. मूर्ख आहे तो, किंवा गर्विष्ठ. त्याला जाऊन सांग. "सांगतो," अंगद म्हणाला. सगळं मन लावून ऐकत होता. असा विद्यार्थी वर्गात एक जरी असता!

९ फेब्रुवारी, रविवार. कोल्हार

आज मेळावा. हसून हसून पोट दुखतंय.

मंगल कार्यालयाच्या स्वयंपाकघरात सगळ्या पंचक्रोशीतले नवरदेव कांदे चिरत डोळे पुसत होते आणि त्यांच्या आया दारातून सूचना देत होत्या. आत्याने कुणाही आईला उंबरा ओलांडू दिला नाही. मुली रांगेत खुर्च्यांवर बसलेल्या, "काय शिकलात? स्वयंपाक येतो का?" असं एकेकाला विचारत होत्या. एका बिचाऱ्याला घामच फुटला.

मग अंगदने बटण दाबलं. एका क्षणात निकाल! सगळ्या जोड्या लागल्या, फक्त एक मुलगा आणि एक मुलगी सोडून. मुलगी म्हणजे अर्थातच मी. आणि मुलगा, अंगद.

म्हणजे ते एकच नाव लिहिणारं ध्यान अंगदच! आणि मी त्याच्याचकडून त्याला निरोप पाठवला! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्योतीला दुसऱ्या पसंतीचा मिळाला, बेलापूरचा दूध डेअरीवाला, आणि ती त्याच्याशी बोलताना इतकी खूश दिसली की मी तिला एक कडकडून मिठी मारली. मिठी जरा जोरात झाली असावी. ती म्हणाली, "ताई, पडन मी."

पण अंगदचं वाईट वाटलं. कोण ती मुलगी, जिच्यासाठी हा माणूस बाकी सगळ्यांना नाही म्हणून बसला? आणि तिने त्याला विचारलंसुद्धा नाही! डोळे फुटले होते का तिचे? मुलांच्या याद्या मी पाहायच्या नाहीत, नाहीतर शोधून काढून तिला चांगलं सुनावलं असतं.

जोडी लागली नाही म्हणून अंगदने सगळ्यांना पोहे वाढायचं काम घेतलं. त्यानेच केलेले होते. तपासणीसाठी मी दोनदा घेतले. मग खात्री करायला पुन्हा.

५ मार्च, बुधवार. नगर

परिषदेला गोषवारा पाठवला! एप्रिलमध्ये परिषद आहे. ठसठशीत वाक्य लिहिलंय: "जुळणीनंतर एकही अस्थिर जोडी आढळली नाही, कारण सर्व मुलींनी खरी पसंती सांगितली." पाठवायचं बटण दाबल्यावर मी वर्गात शिटी वाजवली. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

ज्योतीचं एप्रिलमध्येच लग्न. आणखी बऱ्याच जणींची बोलणी चालू आहेत. एकाही घरातून "पत्रिका जमत नाही" असा निरोप आला नाही म्हणून आत्या सैरभैर झालीय.

८ मार्च, शनिवार

सर चिडले. "सर्व मुलींनी खरी पसंती सांगितली हे तुला कसं कळलं? त्यांनी तुला सांगितलं म्हणून? अगं, हे म्हणजे चोरालाच विचारणं झालं. आता निकाल लागलाय, आता खोटं बोलायचं कारण उरलं नाही. पुन्हा विचार. आणि तू नको, दुसऱ्या कुणालातरी विचारू दे. मग ती उत्तरं प्रोग्रॅमला घाल."

"आणि एखादी अस्थिर जोडी निघाली तर?"

"तर गोषवारा मागे घ्यायचा आणि ते प्रकरण नव्याने लिहायचं. जूनपर्यंत जमतंय का बघ."

मी घाबरून अंगदला फोन केला. तो म्हणाला, मी विचारतो सगळ्याजणींना, काळजी करू नका. त्याचा आवाज ऐकला की काळजी कमी होते हे मी आता बऱ्याचदा तपासून पाहिलंय. दर वेळी तेच उत्तर येतं.

२० मार्च, गुरुवार

अंगदचं सगळ्या मुलींना विचारून झालं. प्रत्येकीने जे गच्चीवर सांगितलं तेच पुन्हा सांगितलं. एकही फरक नाही! ज्योतीने तर म्हणे, "पयला तूच हुतास, पन बरं झालं," असं तोंडावर सांगितलं. मी सरांना फोनवर जवळजवळ गाऊन दाखवलं.

"तुझं झालं का?" सरांनी विचारलं.

"माझं काय?"

"यादीत तुझं नाव आहे ना? मग तू संशोधक असशील नाहीतर राजकन्या असशील. यादीतल्या प्रत्येक मुलीला विचारायचं. वगळलीस तर परीक्षक पहिलं बोट तिथेच ठेवतील."

ठीक आहे. दोन मिनिटांचं काम. कोणीही नको, म्हणायचं आणि संपवायचं. मग प्रबंध पूर्ण. तरी आज जेवण गेलं नाही. आनंदाने असेल.

२३ मार्च, रविवार. कोल्हार

आत्याच्या ओसरीवर दुपारी. आत्या आत कुरडयांच्या चिकाशी झटापट करत होती. अंगद समोरच्या खुर्चीत ताठ बसला. इस्त्रीचा शर्ट. इतर मुलींना जसं विचारलं तसंच विचारायचं हा नियम, म्हणून त्याने ठरलेलं वाक्य वाचून दाखवलं.

"निकाल लागलेला हाय. आता तुमच्या उत्तरानं कुनाचंच काई बदलनार न्हाई. घरच्यांची, पाव्हन्यांची भीड न ठेवता सांगा. तुमची पयली पसंती कोन?"

हे वाक्य मीच लिहिलंय. मीच! आणि पहिल्यांदाच ते मला कुणीतरी विचारत होतं. 'कोणीही नको' असं म्हणायला तोंड उघडलं, आणि म्हणवेना. मला स्पष्ट दिसत होतं: हे म्हटलं की प्रकरण पक्कं, गोषवारा पक्का, जूनमध्ये डॉक्टरेट. दुसरं काही म्हटलं की एक मुलगी खोटं बोलली होती हे उघड, आणि कदाचित एक अस्थिर जोडी, आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. नोंदणीसुद्धा जायची. कदाचितच, कारण त्याचं ते एक नाव कुणाचं हे मला कुठे माहीत होतं? म्हणजे प्रबंधही जायचा आणि वर फजिती.

गच्चीवर तुरीत बसून त्या मुली कशा बोलल्या असतील? मी समोर बसून नुसतं लिहीत होते. केवढ्या धीराच्या होत्या त्या!

"मॅडम, उत्तर न्हाई असं लिवू का?"

"नको. अंगद."

"व्हय?"

"उत्तर. अंगद."

त्याने पेन कागदावर टेकवलं. मग अगदी नियमाप्रमाणे म्हणाला, "आडनाव सांगा. यादीत दोन अंगद हायती."

"तूच, गाढवा!"

आतून आत्याची पळी पडल्याचा आवाज आला. अंगदने माझं उत्तर लिहिलं. हळू, एकेक अक्षर. मग पुढचा प्रश्न वाचला, "तुमच्या पयल्या यादीत हे नाव का नव्हतं?" आणि मला एकदम रडू आणि हसू दोन्ही आलं, आणि मी म्हटलं की मला माहीतच नव्हतं, खरंच माहीत नव्हतं, मला वाटलं ऊन लागलंय.

"आणि तू?" मी विचारलं. "कुणाचं नाव लिहिलं होतंस?"

"तुमच्या याद्या आमी बघायच्या न्हाईत, आमच्या तुमी बघायच्या न्हाईत. सरांची अट हाय."

"अंगद!"

"तुजंच, स्नेहल," तो म्हणाला. "दुसरं लिवायला गेल्तो. पन खोटं लिवू नका आसं तूच समद्यांना सांगत फिरत हुतीस."

आत्या चिकाने माखलेले हात घेऊन बाहेर आली आणि आम्हाला दोघांनाही पाठीत धपाटा घातला. माझ्या पाठीवर अजून चीक वाळलाय. धुवावासा वाटत नाही.

२४ मार्च, सोमवार. नगर

नवी उत्तरं प्रोग्रॅमला घातली. एक अस्थिर जोडी निघाली. पडद्यावर आमची दोघांची नावं शेजारी शेजारी, लाल अक्षरात. अंगदने फोटो काढून घेतला.

मग सरांना फोन. सगळं सांगितलं, जसं झालं तसं. गोषवारा मागे घेते म्हटलं. सरांनी उलट मलाच विचारलं.

"सगळ्या मेळाव्यात किती मुली खोटं बोलल्या?"

"एक, सर. मी."

"आणि खोटं बोलून किती मुलींचं नुकसान झालं?"

"एकीचं."

"तीच?"

"तीच."

"खरं बोलली असतीस तर पहिल्याच फेरीत जोडी लागली असती?"

"हो."

"अगं वेडे," सर म्हणाले, आणि त्यांना हसताना मी पहिल्यांदाच ऐकलं, "खोटं बोलून मुलीला फायदा होत नाही, हेच तुझं प्रमेय ना? सगळ्याच खरं बोलल्या असत्या तर खोट्याचं काय होतं हे दाखवलं कशावरून असतंस? जा, प्रकरण लिही. जून लांब आहे. आणि त्या मुलाला माझ्याकडे घेऊन ये, प्रोग्रॅम बरा लिहितो."

मी स्टाफरूममध्ये किंचाळले. शिपाई धावत आला. त्याला पेढे आणायला पाठवलं.

२९ मार्च, शनिवार

उद्या पाडवा. आत्या अंगदच्या आईला घेऊन आमच्याकडे येणार आहे. बोलणी करायला म्हणे. बोलायचं काय शिल्लक आहे कोण जाणे. बाबांनी विचारलं, पत्रिका बघायची का? मी नको म्हटलं. ते म्हणाले, बरं, मग जमलीच असं सांगतो.

सुधारलेला गोषवारा सरांना पाठवला होता. त्यात लिहिलं होतं: "एक मुलगी वगळता सर्व मुलींनी खरी पसंती सांगितली. त्या एका मुलीचं नुकसान झालं. ते पुढे सव्याज भरून निघालं."

सरांनी तिसरं वाक्य खोडून परत पाठवलं. बाजूला शेरा मारलाय, हे शास्त्रीय नाही.

तिथून काढलं. इथे राहू दे.